बस्त्याला कोणी एकटे येत नाही

लग्नाचा बस्ता बांधण्याचा दिवस कापडाच्या दुकानात लपून राहत नाही. नवरी असते, तिची आई असते, आत्या आणि मामी असतात. एखादी वडीलधारी काकू गादीच्या कडेला खुर्ची घेऊन बसते आणि प्रत्येक शालूचा पदर बोटांत धरून पाहते. निवड एकीची असली तरी मत दहाजणींचे घेतले जाते. चहाचे कप फिरतात, घड्या मोडलेल्या साड्यांचा ढीग चढत जातो, आणि बिल तयार होईपर्यंत सोबत आलेल्यांपैकी कोणीतरी हळूच म्हणते, ‘आमच्याकडेही माघात कार्य आहे, तेव्हा इथेच येऊ.’ दुकानदाराने तिला बोलावलेले नसते. तिच्यासाठी जाहिरातही दिलेली नसते. बस्त्याची रीतच तिला दुकानाच्या पायरीपर्यंत घेऊन आलेली असते.

अशा दुकानाच्या घरात आज पुढील प्रसंग सहज घडू शकतो. संगणकशास्त्र शिकून आलेला नातू लग्नखरेदीसाठी एक अ‍ॅप तयार करतो. काम नेटके झालेले असते. परंतु जो कोणी ते पाहतो तो एकच प्रश्न विचारतो, ‘ग्राहक कोठून आणणार?’ जाहिरातीचे दर ऐकून त्याच्या छातीत धडकी भरते, कारण हाताशी सहा महिने पुरेल इतकेच भांडवल उरलेले असते. मग त्याची दृष्टी दुकानाच्या संगणकाकडे वळते. तेथे वर्षानुवर्षांच्या बिलांबरोबर चार हजार ग्राहकांचे मोबाइल क्रमांक जमलेले असतात. ते क्रमांक अ‍ॅपला जोडावेत आणि प्रत्येकाला दुकानाच्या नावाने निमंत्रण जावे, एवढीच त्याची मागणी असते.

आजोबा क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ‘बाळा, ते नंबर लोकांनी बिलासाठी दिलेत. तुझ्या कामासाठी नाही दिले.’

‘आजोबा, तुम्ही एकदा विचार तरी करा. आजकाल सगळेच असे करतात.’

या दोन वाक्यांपैकी एकही सहज उडवून लावण्यासारखे नाही. एका बाजूस तीन पिढ्यांनी जपलेली पत आहे, तर दुसऱ्या बाजूस एका तरुणाची दोन वर्षांची मेहनत आणि घरातून मिळालेले भांडवल. ग्राहकाने ग्राहक आणावा ही व्यवस्था वस्तूच्या रचनेतच कशी बसवावी आणि ती कोठवर न्यावी, हा दोघांमधला खरा प्रश्न आहे. गेल्या तीस वर्षांत अनेक नवउद्योगांनी या प्रश्नाची उत्तरे देऊन पाहिली आहेत. काहींनी त्यातून मोठी मिळकत केली आणि काहींनी नाव घालवले. कापडपेठेतील आजोबा-नातवालाही त्या अनुभवातून पुष्कळ घेता येईल.

पत्राच्या तळाची एक ओळ

१९९६ च्या ४ जुलैला कॅलिफोर्नियात हॉटमेल ही विनामूल्य ईमेल सेवा सुरू झाली. भारतात वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ हे तिचे संस्थापक. भांडवल बेताचे होते आणि मोठ्या जाहिरातीचा खर्च झेपणारा नव्हता. त्यांच्या उद्योगात पैसे घालणारे टिम ड्रेपर यांनी एक साधी सूचना केली. या सेवेतून जाणाऱ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी, हॉटमेलवर आपलेही विनामूल्य ईमेल खाते उघडा, अशा अर्थाची एक ओळ आपोआप उमटावी. संस्थापकांना प्रथम संकोच वाटला. दुसऱ्याच्या खासगी पत्रात आपली जाहिरात कशी घालावी? ड्रेपर यांना तर त्या ओळीआधी प्रेमाचा एक ताजा कलमही हवा होता. तो वगळण्यात आला. ओळ मात्र राहिली.

पुढे घडले ते व्यापाराच्या इतिहासात क्वचितच घडते. सुमारे दीड वर्षात या सेवेचे १ कोटी २० लाख वापरकर्ते झाले. तिच्या गुंतवणूकदारांनी दिलेल्या माहितीनुसार जाहिरात आणि प्रसारावर झालेला खर्च ५ लाख डॉलरहूनही कमी होता. जुनो या स्पर्धक सेवेने त्याच सुमारास २ कोटी डॉलर खर्चले होते. भारत आणि स्वीडन या देशांत काहीही प्रचार न करता हॉटमेल सर्वांत मोठी ईमेल सेवा ठरली. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाने घरी पत्र पाठवावे, ते वाचून भावाने खाते उघडावे आणि भावाच्या पत्रावरून त्याच्या मित्रांनी, अशी ती वाट होती. १९९७ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने ही कंपनी विकत घेतली. किंमत सुमारे ४० कोटी डॉलर असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले.

त्या ओळीत शब्दांची काही जादू नव्हती. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेले असे, आणि ते पोहोचले यातच सेवा चालते याचा पुरावा असे. पाठवणाऱ्याला शिफारस म्हणून वेगळे काही करावे लागत नव्हते. तो आपले काम करीत होता आणि त्या कामाच्या ओघातच सेवेची ओळख होत होती. वापर आणि प्रसार या दोन क्रिया एकच झाल्या होत्या. ‘सामाजिक रचना’ वस्तूतच असावी असे म्हणतात, त्याचा मूळ अर्थ हाच.

दोघांचाही लाभ

पेपाल या सेवेने हाच विचार पैशाच्या व्यवहाराला लावला. १९९९ साली तिच्याद्वारे कोणालाही त्याच्या ईमेल पत्त्यावर पैसे पाठवता येऊ लागले. समोरच्याकडे खाते नसले तरी चालत असे. परंतु आलेले पैसे हाती घ्यायचे तर त्याने खाते उघडणे भाग होते. पैसे आले आहेत हे कळल्यावर खाते न उघडणारा विरळाच! त्यावर कंपनीने नव्या खातेदाराला आणि त्याला आणणाऱ्यालाही रोख बक्षीस ठेवले. प्रारंभी ही रक्कम दरडोई १० डॉलर होती. खातेदार झपाट्याने वाढले आणि त्याच वेगाने तिजोरीही रिकामी होऊ लागली, म्हणून बक्षीस टप्प्याटप्प्याने कमी करून शेवटी बंद करावे लागले. तोपर्यंत ईबे या लिलाव बाजारातील विक्रेत्यांना ही सेवा सोयीची वाटू लागली होती. बक्षीस थांबले तरी व्यवहार थांबला नाही. २००२ साली ईबेनेच ही कंपनी सुमारे दीडशे कोटी डॉलरना घेतली.

रोख बक्षिसाचा हा मार्ग श्रीमंताघरचा आहे. ज्याच्यामागे मोठे गुंतवणूकदार नाहीत त्याने ड्रॉपबॉक्सचे उदाहरण पाहावे. संगणकातील कागदपत्रे आंतरजालावर साठवून ठेवणारी ही सेवा ड्रू ह्यूस्टन आणि आराश फिरदौसी या दोन तरुणांनी उभारली. सुरुवातीला त्यांनी गूगलवर जाहिराती दिल्या. हिशेब केला तेव्हा दिसले, की पैसे देणारा एक ग्राहक मिळवण्यासाठी २३३ ते ३८८ डॉलर खर्च होत आहेत, आणि तो ग्राहक वर्षाला देतो ९९ डॉलर. गावातील किराणा दुकानदारही असा धंदा दोन महिन्यांत बंद करील.

त्यांनी जाहिरातींचा नाद सोडला आणि बक्षीस ठेवले ते स्वतःच्याच मालाचे. एखाद्याने मित्राला आणले, तर दोघांनाही साठवणुकीची थोडी अधिक जागा विनामूल्य. आणणाऱ्यालाही लाभ आणि येणाऱ्यालाही, त्यामुळे निमंत्रण देताना मित्राच्या जिवावर आपण कमवतो आहोत अशी लाज वाटत नसे. ह्यूस्टन यांनी स्वतः मांडलेल्या आकड्यांनुसार या योजनेमुळे नोंदणी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आणि वाढलेलीच राहिली. सप्टेंबर २००८ मध्ये १ लाख असलेले नोंदणीकृत वापरकर्ते जानेवारी २०१० मध्ये ४० लाख झाले. कंपनीला जागा स्वस्तात पडत होती, ग्राहकाला ती मोलाची वाटत होती. ज्या वस्तूची आपली किंमत कमी आणि घेणाऱ्याच्या मनातील किंमत अधिक, तीच बक्षीस म्हणून द्यावी, हे दिवाळीत ग्राहकांना काय भेट द्यावी याचा विचार करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे.

वहीतील हिशेब

‘एकाने दोघांना आणावे, दोघांनी चौघांना,’ हे वाक्य ऐकायला गोड लागते. गुंतवणूकदारांपुढे ते फार बोलले जाते. परंतु याचा हिशेब साधा आहे आणि तो घरातल्या थोरांनीही समजून घ्यावा असा आहे.

समजा, पहिले १०० वापरकर्ते आहेत. प्रत्येकाने सरासरी ५ जणांना बोलावले आणि १० बोलावण्यांपैकी एकच फळाला आले, तर १०० जणांमागे नवे ५० येतील. त्या ५० मागे २५, त्यामागे साडेबारा, असे करत ही साखळी २०० च्या आसपास थांबते. एका माणसामागे अर्धा माणूस, असा हा गुणक. याच हिशेबाने गुणक ०.८ असेल तर मूळ १०० चे ५०० होतील. गुणक एकाच्या वर गेला तरच साखळी स्वतःच्या बळावर वाढत राहते. तो १.२ असेल, तर दहाव्या फेरीत एका फेरीतच ६०० हून अधिक नवे येतात.

मात्र येथे तीन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, काळाची. एक फेरी दोन दिवसांत पूर्ण होते की दोन महिन्यांत, यावर सारे अवलंबून आहे. दुसरी, मर्यादेची. माणसाची ओळख असते ती दोनशे-तीनशे घरांची. तीच घरे पुन्हा पुन्हा बोलावली जाऊ लागली की गुणक आपोआप घसरतो. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती म्हणजे गळतीची. आलेल्या शंभरांपैकी महिन्याअखेर दहाच टिकत असतील, तर कितीही निमंत्रणे गेली तरी तळाला भोक असलेल्या हंड्यात पाणी ओतण्यासारखे होते. म्हणून शहाणा संस्थापक प्रथम टिकणाऱ्यांची संख्या पाहतो आणि मग येणाऱ्यांची. एकापेक्षा कमी गुणकही वाया जात नाही. अर्ध्या गुणकानेही जाहिरातीचा प्रत्येक रुपया दोन रुपयांचे काम करतो.

एकट्यालाही उपयोग हवा

संख्येवर मदार असलेल्या प्रत्येक सेवेची एक अडचण असते. पहिल्या माणसाला तेथे कोणीच भेटत नाही, आणि रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक शिरत नाही. या अडचणीतून सुटण्याच्या दोन वाटा दिसतात.

एक वाट इन्स्टाग्रामची. ऑक्टोबर २०१० मध्ये ते सुरू झाले, तेव्हा मोबाइलने काढलेली छायाचित्रे सुमार दिसत. या अ‍ॅपमधून गेलेले छायाचित्र देखणे होत असे, आणि ते फेसबुक व ट्विटरवर एका स्पर्शात पाठवता येत असे. मित्रमंडळींपैकी एकही तेथे नसला तरी छायाचित्र सुधारण्याचा लाभ पहिल्याच दिवशी मिळत होता. त्या देखण्या छायाचित्राने पुढे आपोआप चौकशी सुरू केली. पहिल्या दिवशी २५ हजार आणि दोन-अडीच महिन्यांत १० लाख लोक तेथे आले.

दुसरी वाट स्वतः फेसबुकची. २००४ च्या फेब्रुवारीत ते केवळ हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी उघडले. मग एकेक विद्यापीठ जोडले गेले. सर्वांसाठी दार उघडले ते २००६ च्या सप्टेंबरात. जगभर हजार अनोळखी माणसे असण्यापेक्षा एका वसतिगृहात ओळखीची शंभर असणे अधिक मोलाचे, हे त्यामागील गणित. एक पेठ नीट बसवल्याशिवाय दुसऱ्या पेठेत शाखा काढू नये, हे व्यापारी घरांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

भारतातील एक उदाहरण कापडव्यापाऱ्यांना विशेष जवळचे वाटेल. २०१५ साली विदित आत्रे आणि संजीव बर्नवाल या दिल्ली आयआयटीच्या दोन पदवीधरांनी बेंगळुरूत प्रथम असे अ‍ॅप काढले, की ज्यात जवळपासच्या दुकानांतील कपडे दिसावेत. ते चालले नाही. परंतु दुकानदारांशी बोलताना त्यांना एक गोष्ट दिसली. लहान दुकानदार आणि घरी बसून साड्या विकणाऱ्या अनेक महिला व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर मालाचे फोटो टाकून व्यापार करीत होत्या. हिशेब ठेवणे, माल पोहोचवणे, पैसे वसूल करणे, हा त्यांचा त्रास होता. मीशो उभे राहिले ते हा त्रास हलका करण्यासाठी. महिलेने फोटो आपल्या ओळखीत पाठवावा, त्यावर आपला नफा चढवावा. माल घरपोच करणे आणि वसुली ही कामे कंपनीची. २०१९ साली फेसबुकने भारतातील नवउद्योगात आपली पहिली गुंतवणूक केली ती येथेच.

येथेही नवी रीत लादली गेली नव्हती. ओळखीतून साडी विकण्याची रीत आधीच होती. तिला हात दिला गेला. पुढे कंपनीने थेट ग्राहकांना विकण्याकडे आपला मोठा भर वळवला, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. ओळख पहिला ग्राहक आणून देते. त्याला टिकवायचे ते मालाने आणि भावाने.

जेथे वाट चुकली

आता नाण्याची दुसरी बाजू. २००९ साली झिंगा या कंपनीचा फार्मव्हिल हा शेतीचा खेळ फेसबुकवर आला. खेळणाऱ्याला पुढे जायचे तर मित्रांची मदत हवी, आणि प्रत्येक मदतीची विनवणी मित्रांच्या पानावर जाऊन पडे. काही महिन्यांत महिन्याकाठी ८ कोटींहून अधिक लोक तो खेळत होते. पण न खेळणारे विनवण्यांनी त्रासले, आणि २०१० मध्ये फेसबुकने अशा सूचनांवर बंधने घातली. त्यानंतर तो बहर ओसरत गेला. परक्याच्या ओट्यावर मांडलेले दुकान ओटेवाल्याच्या मर्जीवर असते.

त्याहून गंभीर प्रकरण पाथ या अ‍ॅपचे. निवडक आप्तेष्टांपुरते खासगी जाळे अशी त्याची ख्याती होती. २०१२ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले, की हे अ‍ॅप वापरणाऱ्याला न विचारता त्याच्या फोनमधील सारी संपर्कवही आपल्या संगणकावर उतरवून घेत आहे. प्रमुखांनी क्षमा मागितली आणि ती माहिती नष्ट केली. तरी अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या समझोत्यात पुढील वीस वर्षे दर दोन वर्षांनी बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणी करून घेण्याचे बंधन कंपनीवर आले. शिवाय पालकांच्या संमतीविना मुलांची माहिती घेतल्याबद्दल ८ लाख डॉलर दंड भरावा लागला.

तिसरे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे, आणि म्हणूनच अधिक विचार करण्याजोगे. नोकरी-व्यवसायातील ओळखी जोडणाऱ्या लिंक्डइनवर सदस्य आपल्या परिचितांना निमंत्रण पाठवीत. निमंत्रण स्वीकारले गेले नाही, तर त्याच सदस्याच्या नावाने दुसरे आणि तिसरे स्मरणपत्र आपोआप जाई. प्रकरण न्यायालयात गेले. पहिल्या निमंत्रणाला सदस्याची संमती होती, हे न्यायाधीशांनी मान्य केले. वादाचा मुद्दा पुढील स्मरणपत्रांचा राहिला. २०१५ साली कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली.

एकदा ‘हो’ म्हटलेल्या माणसाच्या नावाने तीन वेळा दार ठोठावले गेले, एवढीच ती चूक. परंतु ज्याच्या नावाने दार ठोठावले जाते, त्याची पत त्या प्रत्येक वेळी थोडी खर्च होत असते. आपल्या ओळखीने कोणाला उधार माल मिळवून दिला आणि त्याने तोंड काळे केले, की मान खाली जाते ती ओळख देणाऱ्याची. निमंत्रणाचेही तसेच आहे. बोलावणे कंपनीचे असते, शब्द मित्राचा पडतो. तो शब्द त्याने स्वतः दिलेला असावा. त्याच्या खिशातून काढून घेतलेला नसावा. हॉटमेलच्या संस्थापकांचा तो पहिला संकोच अनाठायी नव्हता. त्यांची ओळ निभावली, कारण ती उघड होती, लहान होती आणि जे पत्र माणूस स्वतःहून पाठवीत होता त्याच्याच तळाशी होती. न लिहिलेले पत्र त्याच्या नावाने कोणी पाठवले नव्हते.

आपल्याकडे आता कायद्याचेही भान ठेवावे लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचे तत्त्व असे, की माणसाची माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी. संमती मोकळी, नेमकी आणि समजून दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे. तसेच केवळ सभासद आणल्याबद्दल पैसे, त्याने आणखी आणले की आणखी पैसे, अशी बक्षिसाची उतरंड रचली, तर ती १९७८ च्या कायद्याने बंदी घातलेल्या साखळी योजनेच्या वाटेला लागते. बक्षीस मालाच्या वापराशी बांधलेले असावे, माणसे मोजण्याशी नव्हे.

पुन्हा गादीवर

एवढे पाहिल्यावर आजोबा आणि नातू यांच्या वादाकडे परतावे. आजोबांचा नकार जुन्या वळणाचा हट्ट नाही. चार हजार क्रमांक ही दुकानाकडे ठेवलेली लोकांची ठेव आहे, आणि ठेव परस्पर दुसऱ्या धंद्यात घालत नाहीत. परंतु नातवाची गरजही खोटी नाही. त्याला लागणारी वस्तू मात्र संगणकातील यादीत नाही. ती समोर गादीवर बसलेली आहे.

बस्त्याला कोणी एकटे येत नाही. मग अ‍ॅपमध्येही बस्ता एकटीने का बांधावा? नवरीने पाच शालू निवडावेत आणि ज्यांचे मत तिला हवे त्या आत्याला, मामीला, पुण्यातील बहिणीला तिने स्वतः तो निवडक संच पाठवावा. त्या सर्वांना खाते न उघडता पाहता यावे, मत देता यावे. तळाशी एक लहान, उघड ओळ असावी, हा बस्ता कोठे जुळवला ते सांगणारी. उत्तर आले नाही तर अ‍ॅपने पुन्हा आठवण देऊ नये; आठवण द्यायची की नाही ते नवरी ठरवील. संच पाठवायला कोणी नसले तरी शालू, पैठण्या, आहेराची कापडे, मानपानाची यादी आणि खर्चाची बेरीज एका जागी राहावी, म्हणजे एकटीलाही उपयोग होईल. बक्षीस द्यायचेच असेल, तर सोबत मत देणाऱ्या एखादीच्या खरेदीवर दोघींनाही फॉल-पिकोची शिलाई दुकानाकडून. दुकानाला स्वस्त, त्यांना सोयीची.

हिशेबही मांडून पाहावा. समजा, एका तालुक्यात एका लग्नसराईत चाळीस बस्ते या रीतीने बांधले गेले आणि प्रत्येक संच दहाजणींनी पाहिला. म्हणजे चारशे जणींच्या डोळ्यांखालून तो गेला. त्यांतील दहापैकी एकीच्या घरी वर्षभरात कार्य असेल, तर ती चाळीस घरे. त्यांतील निम्मी आली तरी वीस नवे बस्ते. गुणक अर्धा. चार हजार संदेशांच्या मानाने हा आकडा लहान दिसेल. नात्यातली तीच माणसे दोन-तीन संचांत येतील, तेव्हा तो आणखी थोडा कमीही होईल. पण ही वीस घरे काय घ्यायचे ते ठरवून, कोणाच्या तरी शब्दावर येतील. बस्त्याचे ग्राहक दर महिन्याला येत नाहीत. म्हणून नात्यातल्या पुढच्या घरापर्यंत पोहोचणारी हीच वाट या धंद्याला टिकवू शकते.

त्या चार हजारांचे काय? त्यांनाही दार बंद करू नये. पुढचे बिल करताना गल्ल्यावरच्या माणसाने विचारावे, ‘आमच्या घरचे एक नवे अ‍ॅप आहे, त्याची माहिती पाठवू का?’ जो हो म्हणेल त्यालाच पाठवावी, एकदाच. वर्षअखेर ती यादी कदाचित पाचशेंचीच होईल. पण त्या पाचशे जणांनी ती स्वतः दिलेली असेल.

नातवाला हे मान्य होईल की नाही, हे त्याच्या हातात उरलेल्या सहा महिन्यांवरही अवलंबून आहे, आणि ती टांगणी कमी लेखू नये. तरुणाला नकार देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्याच्याबरोबर एक लग्नसराई गादीवर बसून काढण्याचीही तयारी ठेवावी. चाळीस बस्त्यांपैकी पहिले दहा तरी आजोबांच्या ओळखीने, त्यांनी स्वतः विचारून, मिळवून द्यावेत. ओळख द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा, त्यानेच ती मनापासून दिली, तर तिच्याइतके स्वस्त आणि टिकाऊ भांडवल नव्या उद्योगाला दुसरे मिळत नाही.